तरंगत्या बागा आणि नदीचा जमाखर्च

तळ्यात किंवा नदीत बांबूचा तराफा सोडायचा, त्यावर झाडे लावायची आणि त्या झाडांच्या मुळांकडून पाणी स्वच्छ करून घ्यायचे, अशी एक पद्धत आहे. कोणी तिला तरंगती बाग म्हणतात, कोणी तरंगती पाणथळ म्हणतात. परदेशात ती बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. हैदराबादेतही ती करून पाहिली गेली आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) खाम नदीचा विषय निघाला की असे काही आपणही करावे, थोडी वर्गणी काढावी, असे व्यापारी बंधू म्हणतात. विचार चांगला आहे. परंतु आपण व्यापारी माणसे. माल उलगडून पाहिल्याशिवाय, ताणा-बाणा तपासल्याशिवाय सौदा करीत नाही. हा मालही तसाच पाहून घ्यावा, म्हणून हा लेख.

खाम नदी आपली का?

मलिक अंबरने १६१० साली खडकी गाव वसवले तेच पुढे आपले शहर झाले. शहर वसवताना त्याने सर्वांत आधी पाण्याची सोय पाहिली. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. अठराव्या शतकात खामच्या काठी पाणचक्की उभी राहिली. तिचे पाणी हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून येई, उंचावरून पडे आणि दर्ग्यातील मुसाफिर व फकिरांसाठी पीठ दळले जाई. बारापुल्ला, मकाई आणि महेमूद या तीन दरवाजांना लागून पूल आहेत आणि तिन्ही पुलांखाली खामच वाहते. जुन्या शहराचा व्यापार याच पुलांवरून आत येत होता.

ही नदी जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, हर्सूल, जुने शहर, छावणी असा प्रवास करते, वाळूजच्या बाजूने पुढे जाते आणि नाथसागराच्या परिसरात गोदावरीला मिळते. आता हे ध्यानात घ्या. आपल्या नळाला येणारे पाणी जायकवाडीचे, म्हणजे त्याच नाथसागराचे आहे. ते पंपाने चढवून फारोळ्याला शुद्ध केले जाते आणि शहरात येते. म्हणजे मोरीत, गटारात, नाल्यात आपण जे सोडतो ते फेरी मारून आपल्याच धरणाकडे जाते. मध्ये धरणाचे मोठे पाणी आहे, शुद्धीकरण केंद्र आहे, हे खरे. पण उधारी कितीही लांबली तरी वसुलीला येतेच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पाणी कशाने नासते?

पाण्याचा मुख्य जमाखर्च प्राणवायूचा आहे. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. ही जमा बाजू. घरगुती सांडपाण्यातील घाण कुजवायला जंतूंना प्राणवायू लागतो. एका लिटर कच्च्या सांडपाण्याची ही भूक साधारण दोनशे मिलिग्रॅम, कधी त्याहून जास्त असते. ही खर्चाची बाजू. भागाकार केला तर एक लिटर सांडपाणी सुमारे पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू फस्त करते, असा हिशेब निघतो. हवेतून प्राणवायू पुन्हा मिळत राहतो, पण त्याला वेळ लागतो. पावसाळा संपला की खामचे स्वतःचे पाणी किती उरते, हे आपण रोज पाहतो. जमा थोडी आणि खर्च अमाप, म्हणून पाणी काळे पडते, दुर्गंधी सुटते आणि मासे मरतात. आंघोळीला योग्य नदीचे सरकारी माप असे आहे की प्राणवायू लिटरला किमान पाच मिलिग्रॅम असावा आणि घाणीची भूक तीन मिलिग्रॅमच्या वर नसावी. कोठे तीन आणि कोठे दोनशे, हा फरक लक्षात ठेवावा.

तराफ्याखाली काय घडते?

तराफ्यावरील झाडांना माती नसते. त्यांची मुळे दाढीसारखी पाण्यात लोंबतात. पाणी झाडे पितात म्हणून ते स्वच्छ होते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खरे काम मुळांवर बसणाऱ्या जंतूंचे आहे. मुळांवर एक चिकट, बुळबुळीत थर जमतो. त्यात असंख्य जंतू राहतात आणि ते घाण खाऊन टाकतात. झाड त्यांना राहायला जागा देते आणि मुळातून थोडा प्राणवायूही पुरवते. दुसरे काम असे की पाण्यातील बारीक गाळ मुळांच्या जाळीत अडकतो आणि वजन झाले की तळाशी बसतो. तिसरे काम झाडाचे स्वतःचे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे त्याचे खत असते. ते घेऊन झाड वाढते. परंतु ते झाड कापून पाण्याबाहेर काढले तरच हे खत पाण्याबाहेर गेले असे समजावे. पाने पाण्यातच गळून कुजली तर माल एका गोदामातून काढून पुन्हा त्याच गोदामात ठेवल्यासारखे झाले.

या कामाला चालणारी झाडे आपल्या ओळखीची आहेत. कर्दळ, पाणकणीस, लव्हाळा, कातिब ज्याची कलमे करीत तो बोरू, आणि वाळा. वाळ्यालाच आम्ही उर्दू शाळेत खस म्हणत होतो. याची मुळे लांब, दाट आणि चिवट असतात, म्हणून या कामात त्याला मान आहे.

येथे एक घोटाळा टाळावा. तरंगती बाग आणि जलपर्णी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जलपर्णीही घाणीवर वाढते, पण तिला आवर नाही. कोल्हापुरात पंचगंगेवर आणि पुण्यात मुळा-मुठेवर तिचे हिरवे गालिचे सर्वांनी पाहिले आहेत. ती सगळे पाणी झाकते, हवा व उजेड बंद करते, डास वाढवते आणि मेली की तेथेच कुजते. तराफा ठरावीक जागा व्यापतो, दोराने बांधलेला असतो आणि त्यावरील पीक कापता येते. पण सगळे तळे तराफ्यांनी झाकले तर त्याचाही परिणाम जलपर्णीसारखाच होईल. मोकळे पाणी ठेवणे आवश्यक आहे.

कोठे कोठे झाले?

झाडांकडून सांडपाणी साफ करून घेण्याचे शास्त्रीय प्रयोग जर्मनीत केटे झायडेल या विदुषीने १९५० च्या दशकात सुरू केले. आपल्या राज्यात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, ‘फायटोरिड’ नावाची पद्धत तयार केली. तिच्यात झाडे तरंगत नाहीत. खडी भरलेल्या हौदात ती रोवतात आणि पाणी खडीतून, मुळांतून हळूहळू पुढे जाते. मात्र त्याआधी पाणी एका टाकीत थांबवून गाळ खाली बसवावा लागतो. कच्चा मैला सरळ झाडांवर सोडीत नाहीत. हा क्रम पुढे उपयोगी पडणार आहे.

हैदराबादजवळ नेकनामपूर तलावात फेब्रुवारी २०१८ मध्ये ध्रुवंश या संस्थेने सरकारी खात्यांच्या मदतीने सुमारे तीन हजार चौरस फुटांची तरंगती बाग सोडली. खाली बांबू, त्यावर थर्माकोलचे ठोकळे, गोणपाट आणि खडी अशी तिची रचना होती. वाळा, कर्दळ, पाणकणीस धरून साडेतीन हजार रोपे तिच्यावर लावली होती. भारतातील सर्वांत मोठी तरंगती बाग म्हणून त्या वेळी तिची नोंद झाली. वाहत्या नदीसाठी वेगळी युक्ती लागते. उदयपूरच्या आहाड नदीवर पुण्याच्या सृष्टी इको-रिसर्च इन्स्टिट्यूटने २०१० साली ‘हरित सेतू’ बांधले. पात्रात दगड आणि काथ्याचे अडथळे रचायचे, त्यांतून पाणी झिरपू द्यायचे आणि मुळांवरच्या जंतूंचे काम त्या अडथळ्यांत करून घ्यायचे, असा तो प्रकार आहे.

आपल्या खामवर २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक आणि इकोसत्त्व यांनी मिळून पुनरुज्जीवनाचे काम सुरू केले. त्यात पात्रातील कचरा व गाळ काढणे, कचरा टाकण्याच्या जागा बंद करणे, काठ सावरणे आणि झाडे लावणे ही कामे झाली. लोखंडी पुलाजवळचा पट्टा पाहिला म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. तेथे सुरुवात कचऱ्यापासून झाली, झाडे नंतर आली. आमच्या मते हाच क्रम बरोबर आहे.

पदरात किती पडते?

आता वजनकाट्यावर माल ठेवू. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे चार किलो नत्र बाहेर पडते. तरंगत्या बागेची नीट कापणी केली तर एका चौरस मीटरमधून वर्षाला शंभर ग्रॅम नत्र निघाले असे सढळ हाताने धरू. म्हणजे एका माणसाचे नत्र केवळ कापणीने काढायचे तर चाळीस चौरस मीटर, सुमारे चारशे तीस चौरस फूट बाग लागेल. नेकनामपूरएवढी तीन हजार चौरस फुटांची बाग या हिशेबाने सात माणसांना पुरेल. जंतूंचे काम जमेस धरून हा आकडा दहापट केला तरी सत्तर माणसे होतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. तेव्हा शहराचा सगळा मैला तरंगत्या बागेवर घालणे म्हणजे हातमागाच्या एका धोट्यावर सगळ्या बाजारपेठेची मागणी पुरवायला निघणे.

मोठा बोजा उचलायला कांचनवाडीसारखी शुद्धीकरण केंद्रेच लागतात. त्या केंद्राची क्षमता रोज १६१ दशलक्ष लिटरची आहे. पण केंद्र कितीही मोठे असले तरी नाल्याचे पाणी त्याच्या नळापर्यंत पोहोचलेच पाहिजे. जे नाले सरळ नदीत पडतात त्यांना केंद्राचा काही उपयोग नाही. म्हणून पहिली पायरी नाला अडवून वळवण्याची, दुसरी शुद्ध करण्याची आणि तिसरी तरंगत्या बागेची. केंद्रातून निघालेल्या किंवा मुळात थोड्याच मळलेल्या पाण्यात जे उरते ते झाडे उत्तम काढतात. कापडाच्या भाषेत बोलायचे तर ही शेवटची घडी आणि इस्त्री आहे. धुलाई तिने होत नाही.

नदी की तळे, हाही प्रश्न आहे. खाम डोंगरातून येते आणि पावसाळ्यात दोन तासांत पूर आणते. त्या पुरात तराफा टिकणार नाही. तो वाहत जाऊन पुलाच्या कमानीत अडकला तर पाणी वस्तीत घुसेल. म्हणून तरंगत्या बागेची खरी जागा तळ्याची आहे. सलीम अली सरोवर, म्हणजे जुना खिजरी तालाब, हर्सूलचा तलाव, किंवा एखाद्या वसाहतीचे, कारखान्याचे साठवण तळे, अशा संथ पाण्यात ती शोभते आणि कामही करते.

रंगारी बंधूंसाठी

आता आपल्या धंद्याकडे येऊ. हिमरू असो, पैठणी असो की साधी सुती ओढणी, सूत आणि रेशीम रंगवावे लागतेच. सुतावरच्या आजच्या रिॲक्टिव्ह रंगांपैकी बराच भाग धाग्याला न चिकटता पाण्यात राहतो. कधी दहावा हिस्सा, कधी त्याच्या तिप्पट. शिवाय रंग चढवायला बाथमध्ये ढिगाने मीठ टाकावे लागते. हे मीठ कोणतेही झाड पाण्यातून काढत नाही. रंगही मुळांना सहज तुटत नाही आणि कॉस्टिक सोड्याने तर झाडच करपते. म्हणजे रंगाऱ्याचे पाणी तरंगत्या बागेत सोडले की बाग मरते आणि पाणी जसेच्या तसे पुढे जाते.

तमिळनाडूतील तिरुप्पूर हे होजिअरीचे मोठे शहर. तेथील रंगकारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जात राहिले. शेतीसाठी बांधलेले ओरत्तुपालयम धरण त्या पाण्याने भरले आणि खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खारावल्या. शेतकरी न्यायालयात गेले. २००६ साली मद्रास उच्च न्यायालयाने रंगाचे पाणी बाहेर सोडूच नये असा आदेश दिला. तो पुरा पाळला गेला नाही, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये सातशेहून अधिक रंग व ब्लीचिंग कारखाने बंद करण्याचा हुकूम झाला. कारखानदारांची गुंतवणूक अडकली. त्याहून वाईट म्हणजे रोजंदारीवरचा कारागीर रातोरात बेकार झाला. त्याने नाल्याचा नळ बसवला नव्हता, पण पहिला मार त्यालाच बसला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर आणि आपले शहर, या सर्व ठिकाणच्या बंधूंनी हे उदाहरण समोर ठेवावे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. युनिट लहान आहे म्हणून कायदा सुटत नाही.

लहान रंगाऱ्याला कमी खर्चात करता येतील अशा काही गोष्टी:

१. पहिला गडद बाथ आणि नंतरचे धुण्याचे पाणी यांचे हौद वेगळे ठेवावेत. दोन्ही एकत्र केले की सगळेच पाणी खराब होते.

२. शेवटच्या धुण्याचे पाणी जवळपास स्वच्छ असते. तेच पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरावे. पाण्याचे बिलही कमी होते.

३. रंग, मीठ व सोडा अंदाजाने न घालता तोलून घालावा. नाल्यात जाणारा रंग पैसे देऊनच आणलेला असतो.

४. चुना, तुरटी घालून हौदात गाळ बसवला तर काही रंग उतरतो. तो गाळ पुन्हा नाल्यात टाकू नये.

५. चार-सहा रंगाऱ्यांनी मिळून सामायिक शुद्धीकरणाची व्यवस्था करावी. एकट्याला न झेपणारे काम भागीदारीत झेपते.

हॉटेलवाले आणि गॅरेजवाले यांनाही हेच लागू आहे. तेल व चरबी मुळांवर बसली की जंतू गुदमरतात. हॉटेलच्या मोरीला चरबी अडवणारी लहान कुंडी बांधावी. इंजिनचे जळके तेल डब्यात साठवून भंगारात विकावे.

कारागिरांना काम

तरंगत्या बागेत रोजगारही आहे. बांबूचे तराफे, काथ्याच्या चटया, जाळ्या, दोर, लोखंडी नांगर, रोपवाटिका आणि कापणी अशी कामे निघतात. साहित्य निवडताना आमच्या धंद्यातील थोडे ज्ञान उपयोगी पडेल. तागाचे गोणपाट स्वस्त आहे, पण पाण्यात एका हंगामात कुजते. काथ्या महाग, पण पाण्यात काही वर्षे टिकतो. पॉलिस्टरचे कापड कुजत नाही, परंतु त्याचे बारीक तंतू सुटून माशांच्या पोटात जातात. थर्माकोल हलके असते, मात्र उन्हाने त्याचा भुगा होतो आणि तो भुगा कोणालाच गोळा करता येत नाही. बांबू दीड-दोन वर्षांनी बदलावा लागतो. दोन्ही टोके बंद केलेले प्लास्टिकचे जाड पाइप तरंगायला चांगले. नांगराचा दोर सैल ठेवावा, कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी खूप बदलते. रोपे लहान असताना पक्षी ती उपटतात, म्हणून पहिले काही आठवडे वर जाळी लागते.

एका गोष्टीत मात्र सचोटी राखलीच पाहिजे. खसच्या मुळांना अत्तर, सरबत आणि कूलरच्या ताट्यांसाठी बाजार आहे. सांडपाण्यात वाढलेली मुळे त्या बाजारात जाऊ नयेत. ज्या मुळांनी जस्त, शिसे, क्रोमियम धरून ठेवले असेल ती कोणाच्या पेल्यात जाणे हा धंदा नव्हे. अशा पाण्यातील चाराही जनावरांना घालू नये. कापलेला पाला कोठे जाणार, हे आधीच ठरवावे.

वर्गणी देण्यापूर्वी

कोणी तरंगत्या बागेसाठी वर्गणी मागायला आले तर त्यांना मान द्यावा, पण पुढील प्रश्न जरूर विचारावेत. या तळ्यात किती नाले पडतात, आणि त्यांतील किती अडवले? बाग सोडण्यापूर्वी पाण्याची तपासणी झाली का, आणि सहा महिन्यांनी पुन्हा होणार का? तराफा किती चौरस फुटांचा आणि तळे किती एकरांचे? कापणी कोण करणार, दर किती महिन्यांनी, आणि पाला कोठे टाकणार? तीन वर्षांच्या देखभालीचा पैसा आताच बाजूला ठेवला आहे का? पूर आला तर तराफा कोण सांभाळणार? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली तर खुशाल पैसे द्यावेत. उद्घाटनाचा फोटो एका दिवसाचा असतो, मुळांचे काम वर्षभर चालते.

सारांश असा की तरंगती बाग हा अस्सल माल आहे, मात्र त्याची जागा शेवटची आहे. आधी आपल्या दुकानाच्या, कारखान्याच्या, घराच्या मोरीतून काय बाहेर जाते ते प्रत्येकाने पाहावे. हे पाहायला ना वर्गणी लागते, ना सरकारी मंजुरी. येत्या आठवड्यात आपल्या मोरीचे पाणी कोणत्या नाल्याला मिळते आणि तो नाला कोठे पडतो, एवढे चालत जाऊन शोधावे. जुन्या शहरातील आणि छावणीतील बऱ्याच बंधूंना ती वाट खामच्या काठी नेऊन सोडील, आणि मग काय बंद करायचे आणि काय वळवायचे, हे तेथे उभे राहूनच कळेल.